नवऱ्याने होकार दिलेली सहल

युरोपला जायचं ठरलं आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते प्रागवरून. मुलगी अकरावीत, मुलगा नववीत. मुलीला म्युझियमं बघायची, म्हणून पॅरिस आणि ॲमस्टरडॅम. मुलाला बार्सेलोनातलं फुटबॉलचं मैदान बघायचं. सामना नसला तरी चालेल, नुसतं गवत बघायचं. प्राग दोघांनाही हवं होतं, पण एकाला सुरुवातीला आणि दुसऱ्याला शेवटी. मला विचाराल तर मला एवढंच हवं होतं, की कुठल्यातरी चौकात खुर्चीवर बसावं, कोणीतरी कॉफी आणून द्यावी आणि ती थंड होईपर्यंत मला कोणी हाक मारू नये. हे ऐकून दोघंही माझ्याकडे कीव केल्यासारखी बघायची.

नवऱ्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "तुमी ठरवा. मी येतो मागनं, पिशव्या उचलाला."

तो मूळचा अंजूरचा. नारपोलीत त्याचा यंत्रमागाचा कारखाना आहे आणि आम्ही राहतो टेमघरला. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो लूमवर उभा राहिलेला, आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. मी पनवेलहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच जेवणाला मला वाटलं, नवरा आणि दीर यांची जमिनीवरून जुंपली आहे. प्रत्यक्षात ते एकमेकांना कालवण वाढून घ्यायचा आग्रह करत होते. लूमच्या खडखडाटात माणूस ओरडल्याशिवाय बोलू शकत नाही, आणि ती सवय घरापर्यंत येते. पुढे मीही तशीच झाले. माझ्या माहेरची माणसं आता मी फोन केला की तो कानापासून लांब धरतात.

तर पोरांनी एकदाचा मार्ग ठरवला. ठाण्याचा एक टूरवाला आमची तिकिटं, हॉटेलं, व्हिसा सगळं बघणार होता. काही गोष्टी विचारायला त्याने एके दुपारी नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी नवरा घरी आला आणि म्हणाला, "तुमच्या त्या टूरवाल्या पोराचा फोन आलता. सगलं फायनल करून टाकलं." आम्ही खूश.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर कार्यक्रम आला. मुलीने वाचायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा उतरत गेला. ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप. बसने प्रवास. रोज सकाळी सामूहिक प्रार्थना. सोबत महाराज, म्हणजे स्वयंपाकी, आणि जेवण संपूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य. प्राग नव्हतं. बार्सेलोनाही नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र तीन ठिकाणी बर्फ होता.

आमच्या घरात संकष्टी सोडली तर सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाही. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही आम्हाला यात्रेला पाठवताय का?"

नवरा उसळला. आपण असं काही कबूल केलंच नाही म्हणाला. टूरवाल्याने फसवलं, उद्या ठाण्याला जाऊन त्याची गचांडी धरतो, वगैरे. मलाही ते खरं वाटलं. मी स्वतः टूरवाल्याला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. तो बिचारा एवढंच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. पाठवतो, तुम्हीच ऐका."

जेवणं उरकली होती. ताटं अजून तिथेच होती. मुलीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि रेकॉर्डिंग लावलं. टूरवाला अगदी सावकाश, नीट विचारत होता आणि नवरा उत्तरं देत होता. सर, तुमचा स्वतंत्र प्लॅन जरा धावपळीचा होईल, त्यापेक्षा आमचा ग्रुप आहे, त्यात टाकू का? हां हां. सर, त्यात सगळे सीनियर सिटिझन आहेत, चालेल? चालेल ना. जेवण प्युअर व्हेज, जैन. बराबर हाय. मग प्राग आणि बार्सेलोना काढावं लागेल, सर. कर, कर. काय अडचन न्हाय.

मुलाला हसू फुटलं. मुलगी संतापाने लाल झाली. आणि नवरा टेबलावरच्या फोनकडे बघत, आमच्या तिघांकडे बघत, अगदी सहज म्हणाला, "लाव ना आता. कवापासून बसलोय."

फोन चालूच होता. त्याचाच आवाज त्यातून येत होता.

मुलाचं हसू बंद झालं. मी नवऱ्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे, आणि त्याला कळलं की आम्हाला कळलं.

लोक विचारतात, इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही? त्यांना मी सांगते, कारखानदाराच्या घरात बहिरेपण दिसत नाही. जिथे सगळेच ओरडतात तिथे ज्याला ऐकू येत नाही त्याचीही सोय होऊन जाते. लूमवर काम करणारा माणूस समोरच्याचे ओठ वाचायला शिकतो, शिकावंच लागतं. त्यामुळे समोर उभं राहून बोललं की त्याला सगळं समजायचं. फोन आला की तो म्हणायचा, "कारखान्यान हाय, मेसेज टाक." आम्हाला वाटायचं, शेठ मॉडर्न झाले. मास्कच्या दिवसांत तो सगळ्यांवर चिडायचा, तेव्हा आम्हाला वाटलं धंद्याची काळजी. फक्त टूरवाल्याला "मेसेज टाक" म्हणून भागलं नाही, कारण त्याला त्या दुपारीच उत्तर हवं होतं.

मला आधी राग आला. खोटं सांगणार नाही, भयंकर राग आला. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं, "अहो, मला तरी सांगायचं!"

"काय सांगू? शेठ बहिरा झाला असं?" तो म्हणाला. "सुताचे दलाल माझ्या तोंडावर मना विकून खातील."

कल्याणच्या डॉक्टरांनी तपासलं. लूमच्या आवाजाने नस कमजोर झाली आहे, कानाला मशीन लावलं तर बराच फरक पडेल, म्हणाले. मशीनची ऑर्डर दिली. पण घरी येताना त्याने आम्हाला बजावलं, की हे बाहेर कोणाला कळता कामा नये, अंजूरला तर नाहीच. आणि युरोपला तो येणार नाही.

"तुमी जा. लूम कोन बघंल?"

लूम बघायला दीर होते. हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीने नेटच लावला तेव्हा खरं बाहेर पडलं. "तिकडं कोन कायतरी इचारील आनि मी नुसता हसत उभा राहीन. तुमाला लाज वाटंल."

मुलगा त्याच्या समोर येऊन बसला आणि तोंड नीट उघडून म्हणाला, "पप्पा, प्रागमध्ये आम्हालाही काही कळणार नाही. तिथे आपण चौघंही बहिरेच."

नवरा हसला. मोठ्याने, मनापासून हसला. पण येतो म्हणाला नाही.

टूरवाल्याने जैन ग्रुप रद्द करून आमचा जुना मार्ग परत बांधला. व्हिसाच्या अर्जात मुलीने बापाचं नाव ठेवलं. तो म्हणाला, काढ. ती म्हणाली, "बोटांचे ठसे तर द्या. मग यायचं की नाही ते ठरवा." माझ्या मनात धाकधूक होती. आत्ता तो मागे राहिला तर पुढे प्रत्येक गोष्टीत मागे राहील, लग्नकार्यात, शाळेत, दवाखान्यात, आणि आपण कामात आहोत असं सांगत राहील. मला असा नवरा नको होता. मला हा ओरडणारा, भांडणारा, पंगतीत सगळ्यांना वाढणाराच हवा होता.

व्हिसाच्या कार्यालयात गारठा होता आणि शांतता अशी, की कागद उलटला तरी ऐकू यावा. बहुतेक माणसं कुजबुजत होती. काउंटरवरचा मुलगा जाड काचेच्या मागे होता, मान खाली, नजर कॉम्प्युटरवर. म्हणजे ओठ दिसायची सोय नाही, आणि कानाचं मशीन अजून आलेलं नव्हतं. आमचं तिघांचं आधी झालं. नवऱ्याची पाळी आली तेव्हा मुलगी त्याच्यासोबत उठली, तर शिपाई म्हणाला, एका वेळी एकच.

तो एकटा जाऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट बसवलेले. काचेमागचा मुलगा काहीतरी बोलला. नवरा वाकून त्याचे ओठ शोधू लागला. तो परत बोलला. आता हा "हां हां" म्हणणार, मी मनात म्हटलं, आणि देव जाणे कशाला हो म्हणणार.

नवऱ्याने काचेवर बोटाने टकटक केलं. काउंटरवरच्या मुलाने मान वर केली.

"साहेब, मेरेको सुनाई नहीं देता," तो म्हणाला. लूमवर ओरडतात तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "कान गये है. लिखके पूछो, मैं बताता."

सगळ्या माना वळल्या. मी पोरांकडे बघितलं. मुलगा ताठ बसला होता. मुलगी रडत होती, आणि तिने डोळे पुसायची घाई केली नाही.

गाडीत बसल्यावर मी त्याच्याकडे वळून विचारलं, "काय विचारलं त्याने?"

"कायतरी जन्मतारीख. अक्षर काय घान होतं त्याचं." मग तो मागे वळला आणि पोरांना म्हणाला, "तिकडं हिंदी चालनार न्हाय. विंग्रजीत कसं बोलाचं ते शिकवा."

मुलीने शिकवलं. तो तिच्या ओठांकडे बघत एकेक शब्द म्हणत गेला. आय. कॅन नॉट. हियर. प्लीज राइट. ती म्हणाली, "पप्पा, प्लीज आधी घ्या. तिकडे सगळे आधी प्लीज म्हणतात."

"प्लीज मागनं," तो म्हणाला. "आदी त्यांना कलू दे, मना ऐकू येत न्हाय."