कापसाच्या नावेतल्या खुर्च्या

पुसदजवळच्या धरणकाठी फकिराची लाकडी नाव होती. पैलतीरच्या तांड्यावरचा कापूस सडकेला आणून टाकायचा, हेच तिचं काम. गाठोड्यांवर बाया बसायच्या, बकऱ्या बसायच्या, तापलेलं लेकरू आडवं टाकलं जायचं. फकिरानं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

दोन हजार पाचच्या सुमारास कापसाचा भाव बसला. पैलतीरची वावरं पडीक राहू लागली, नाव महिनोन्‌महिने नुसतीच बांधलेली. तेव्हा यवतमाळचे हॉटेलवाले पुंडलिकराव आले. त्यांनी नाव विकत घेतली, वर छत टाकलं, आत खुर्च्या ठोकल्या, इंजिन बसवलं आणि फकिराला चालवायला ठेवलं.

"आता पाहुणे फिरवाचे," ते म्हणाले. "हळूहळू. घाई कोणालेच नसते."

पौषातली दुपार होती. नागपूरचे पाहुणे पुढं गाणी लावून पुंडलिकरावांसोबत चहा घेत होते, नाव पाण्याच्या मधोमध. तेवढ्यात पैलतीरावरून तांड्यावरचा देवीलाल धोतर हलवत ओरडू लागला.

"फकिरा गा! लाली अडली गा! दवाखान्यात न्या लागते!"

लालीबाई त्याची बायको, दिवस भरलेली. धरणाला वळसा घालून दवाखाना दहा कोस पडायचा. फकिरानं सुकाणू धरलं, तोच पुंडलिकराव जवळ आले.

"फेरी पुरी होऊ दे. मंग जाय."

"बाई मरून जाईन, साहेब."

"वीस मिनिटानं काय होते?"

"कोण आहे ते?" एका पाहुणीनं विचारलं.

"गावची मानसं. हात हलवून राह्यले," पुंडलिकराव म्हणाले.

पाहुण्यांनीही हसून हात हलवले. फकिरानं मान खाली घातली. नाव वळली नाही.

पाहुण्यांना उतरवून तो सुसाट पैलतीरी गेला. आणताना लालीबाईला आडवं टाकायला जागा नव्हती. खुर्च्या खिळ्यांनी पक्क्या होत्या. दोन रांगांमधल्या अरुंद जागेत देवीलालनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मध्यावर पोचेपर्यंत ती गप झाली. मूलही गेलं.

देवीलालनं शिवी दिली नाही. तेच फकिराला सोसलं नाही. इंजिनाची चावी पुंडलिकरावांच्या टेबलावर ठेवून तो दारव्ह्याकडे वीटभट्टीवर गेला.

दोन वर्षांनी तिथल्या बाजारात देवीलाल समोर आला.

"मी नाव वळवाले पाह्यजे होती," फकिरा म्हणाला.

"हो," देवीलाल म्हणाला, आणि मिरच्यांचा भाव विचारत पुढं गेला.