भट्टीत बोलला तो मुका

"आबा, मझार कोनी शे," सुपडू म्हणाला. "ठोकी ऱ्हायनं."

आत कोणीतरी ठोकतंय, म्हणत होता. सुपडू धुळ्याकडचा, अहिराणी बोलतो. आमच्याकडे प्रेस चालवतो, भट्टी मी बघतो. फावडं खाली टाकून तो भट्टीच्या खड्ड्यातून वर आला होता. बाकीचे त्याच्या आधीच शेडबाहेर जाऊन उभे.

भर दुपार. जेवणाची सुट्टी, मशिनी बंद, घाईचा माल म्हणून भट्टीवरचेच तेवढे कामात. शेड एवढी गप्प कधी नसते. मी कान दिला. खड्ड्यातून येत होतं. ठक, ठक. थोडं थांबून, ठक.

हे ठोके मी ओळखत होतो. कसे ते सांगतो. आधी भट्टी समजून घ्या.

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही कार्बनचे ठोकळे करतो. त्यातून पंपाच्या रिंगा कापतात. कोळशाची आणि ग्राफाइटची पावडर पिचमध्ये मळायची. पिच म्हणजे डांबराचा भाऊ. मग प्रेसमध्ये दाबायचं. दाब कमी पडला तर ठोकळा भुसभुशीत, जास्त पडला तर पापुद्रे सुटतात. मग कोकच्या, म्हणजे भाजलेल्या कोळशाच्या, भुकटीत पुरून भाजायचा. हवा लागली तर जळून राख. पिचचा धूर हळूहळू निघतो, मागे राहतं ते सगळं घट्ट धरतं. घाई केली तर तोच धूर ठोकळा आतून फाडतो. आणखी खूप तापवलं तर सगळंच ग्राफाइट होतं, पेन्सिलीसारखं निसरडं, पण मऊ. आम्हाला ताकद पण पाहिजे, म्हणून भाजणं अलीकडेच थांबवतो.

गार करताना तेच. वरचं अंग गार होऊन आखडतं, पोटात आग तशीच. मग तडकतं. बाहेर काढलेला ठोकळा बाजारात मडकं वाजवून घेतो तसा वाजवायचा. खणकन वाजला तो बोलका. भद्द वाजला तो मुका. मुक्याला आत भेग असते, डोळ्याला दिसत नाही. ती रिंग चालत्या पंपात फुटली तर उकळतं पाणी माणसाच्या तोंडावर.

आता माझं. माझी बायको इंदू लकव्यानं पडली. वाचा गेली. डाव्या हातातली बांगडी खाटेच्या लोखंडी पायपावर ठोकायची. पाण्याला एक ठोका, औषधाला दोन. आणि दोन ठोकून, थांबून, एक ठोकला की काही नको, नुसतं जवळ येऊन बस. तिचा तेरावा करून मी कामावर आलो, त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

मॅनेजर साहेब आले. धुळ्याच्या पार्टीचा पंप बंद होता, गाडी दारात उभी, म्हणून त्यांनी भट्टी पुरती गार व्हायच्या आत, सकाळीच झाकण काढून भुकटी उपसायला लावली होती.

"काय भूत-बित काढलं रे सुपडू?"

"साहेब, तुम्ही उतरा मंग. आमी वरून पाहतो."

"लोखंड आहे ते. झाकण गार होताना वाजतं."

"झाकण तं भायेर पडेल शे, साहेब."

झाकण खरंच बाहेर पडलेलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आबा?"

मी लोखंडी सळई घेतली आणि खड्ड्यात उतरलो. खाली अंगावर झळ येत होती आणि तरी मला थंडी वाजत होती. सळई भुकटीतून खाली ठोकळ्याला लागेपर्यंत घातली, वरच्या टोकाला फडकं गुंडाळून कान लावला. बेअरिंग तपासतात तसं. ठक, ठक. थांबून, ठक. अगदी कानात. तिची बांगडी अशीच वाजायची.

मी तिथंच बसलो. बस म्हटल्यावर बसायचं, एवढंच मला येत होतं.

"आबा, काय शे?" सुपडू वरून ओरडला. "वहिनी शे का?"

कोणी हसलं नाही.

मला माहीत होतं काय आहे ते. ठोकळे तडकत होते. झाकण उघडं ठेवलं तर आवाज संध्याकाळपर्यंत आला असता आणि सगळा माल मुका झाला असता. झाकलं तर माल वाचणार होता, आणि आवाज बंद.

पुन्हा वाजलं. दोन. मग एक.

"भुकटी टाका," मी म्हणालो. "माल तडकतोय. मी वर आलो की झाकण बसवा."

साहेबांनी स्वतः फावडं उचललं. धुळ्याला फोन करून बोलणी पण त्यांनीच खाल्ली. आवाज आधी लांब गेला, भिंतीपलीकडं गेल्यासारखा. मग दोनच ठोके आले. मी तिसऱ्याची वाट पाहत उभा राहिलो. तो आला नाही.

भट्टी तिच्या वेळेनं गार झाली. वरच्या थरातले ठोकळे मुके निघाले, भंगारात गेले. खालचे सगळे खणखणीत बोलले. धुळ्याचा पंप चालू आहे.

आमच्यात एक म्हण आहे. भट्टीत बोलला तो बाहेर मुका. भट्टीत गप्प राहिला तोच बाहेर बोलतो. आतून आवाज आला म्हणून झाकण काढू नये.

मुलगी फैजपूरला दिलेली आहे. परवा आली होती. म्हणाली, "बाबा, ती लोखंडी खाट आता भंगारात द्या, घर कसंनुसं वाटतं तिच्यानं."

म्हटलं, देऊ. गार होऊ दे आधी.