गोलमागचा दिवा

दुबईत राहून मी थंडीने काकडायचे, असं सांगितलं की चिपळूणची माझी वहिनी हसते. हसू दे. दोन वर्षं दर शनिवारी सकाळी सहाला मी अल बर्शातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका मॉलमध्ये, बर्फाच्या रिंकवर, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काढली आहेत. अंगात दोन स्वेटर, पायात लोकरी मोजे, वरून नवऱ्याचं जुनं जाकीट. बाहेर त्याच वेळी अंगाची लाही होत असायची. सामना संपवून दारातून बाहेर पडलं की थंड पडलेल्या चष्म्यावर वाफ धरायची आणि पाचदहा मिनिटं मला पार्किंगमधली स्वतःची गाडी दिसायची नाही. आत मात्र सगळं लख्ख दिसायचं. आतल्या थंडीत चष्म्यावर कधीच वाफ येत नाही.

माझी मुलगी तिच्या कॉलेजच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर होती. वाळवंटात बर्फावरची हॉकी म्हटल्यावर मलाही आधी ती थट्टा करतेय असंच वाटलं होतं. पण चार-पाच कॉलेजांचे असे संघ होते. मॉल दहाला उघडतो, त्याआधी रिंक त्यांना मिळायची. मुलगे आणि मुली एकाच संघात, कारण वेगवेगळे संघ करण्याइतके लोक कुणाकडेच नव्हते. आमच्या संघात निम्म्यांना तर धड थांबता यायचं नाही. कडेच्या फळीवर जाऊन आदळले की ते थांबले.

त्या संघाने दोन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. बरोबरीसुद्धा नाही. माझी पोरगी अंगावर गाद्या बांधून गोलात उभी राहायची, शरीरभर मार खायची आणि तरी आठ-आठ गोल व्हायचे. घरी आल्यावर दंडावरचे काळेनिळे डाग दाखवायची आणि म्हणायची, "जस्ट वन रिअल विन, आई. कॉलेज संपायच्या आत." ट्रॉफीची तिला पडलेली नव्हती. एकदा, खरंखुरं जिंकायचं होतं. नवरा खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, आठवड्याची सुट्टी घरी झोपून काढणारा, त्यामुळे हे सगळं ऐकायला आणि रिंकवर बसायला मीच होते.

आता त्या स्टुलाविषयी सांगते. आइस हॉकीत चेंडू नसतो, जाड रबरी चकती असते. ती इतकी जोरात सुटते की आत गेली की नाही हे शिट्टीवाल्या रेफरीलाही पुष्कळदा कळत नाही. म्हणून प्रत्येक गोलच्या मागे, काचेपलीकडे, एक माणूस बसवतात. त्याच्या हातात बटणाची लहानशी डबी असते. चकती आत गेली की बटण दाबायचं, गोलच्या वर लाल दिवा लागतो. एका टोकाला यजमान संघाचा माणूस, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचा. आमच्याकडून त्या गारठ्यात बसायला कुणी तयार होईना. कोच म्हणाला, आंटी, तुम्ही नाहीतरी येऊन बसताच. तेव्हापासून ते स्टूल माझं झालं. सामन्याचे तीन भाग असतात आणि दर भागाला संघ बाजू बदलतात. पहिल्या आणि शेवटच्या भागात माझ्या समोर माझ्याच मुलीचा गोल असायचा. म्हणजे पोरीवर गोल झाला की लाल दिवा लावायचं काम आईकडे.

नियम मला पहिल्याच दिवशी पाठ झाला. चकती रेघेवर असून चालत नाही, ती पूर्ण पलीकडे हवी. लाल रेघ आणि चकती यांच्यामध्ये पांढरा बर्फ दिसला की गोल. केसाएवढा दिसला तरी गोल.

हे काम मला जमलं, कारण मी जन्माची मास्तरीण. इथल्या एका भारतीय शाळेत मी सोळा वर्षं गणित शिकवलं. मुलगी माझ्याच वर्गात होती. नववीत तिचा पहिला नंबर अर्ध्या मार्काने गेला आणि तो अर्धा मार्क मी कापला होता. उत्तरापुढे एकक लिहिलं नव्हतं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पोरगी मात्र रुसली नाही. उलट त्यानंतर तिची एक सवयच झाली. निबंध लिहिला की मला दाखवायचा, नवा ड्रेस घातला की माझ्यासमोर येऊन उभं राहायचं. मैत्रिणी उगाच वा वा करतात, बाबा न बघताच छान म्हणतात, तू खरं सांगतेस, असं ती म्हणायची. दुसरं काय कौतुक हवं असतं आईला? मी आतून सुखावायचे आणि वरून तिला म्हणायचे, हा रंग तुला शोभत नाही.

रिंकवरही तसंच. एकदा चकती जाळीला लागून इतक्या झपाट्याने बाहेर आली की मारणाऱ्यालाही कळलं नाही. खेळ पुढे चालू होता. मी बटण दाबलं. दिवा लागला, खेळ थांबला, त्या गोलाने आम्ही हरलो. आमची पोरं माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. मुलीने मुखवटा वर केला आणि त्यांना म्हणाली, "दॅट्स माय मदर." ते म्हणताना तिची मान ताठ होती. समोरच्या संघाचा कोच लडाखकडचा, साठीला आलेला, फौजेतून निवृत्त झालेला माणूस होता. त्याचं लहानपण गोठलेल्या तळ्यांवर गेलेलं. तो मुद्दाम काच वाजवून मला सलाम करून गेला.

त्याच्याच संघाशी आमचा पुढचा सामना होता, मुलीच्या शेवटच्या वर्षातला. तो संघ सगळ्यांत वरचा. आमच्या कोचने पोरांना सांगितलं होतं की कुणी हाडं मोडून घेऊ नका, बस.

आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, आमची पोरं खेळायला लागली. पहिल्या भागात मुलीने इतक्या चकत्या अडवल्या की मी मोजायचं सोडून दिलं. दोन गोल झाले, ते मी रीतसर दिवा लावून कळवले. पण आमचेही दोन झाले. दुसऱ्या भागात बाजू बदलल्या, आता माझ्या समोर त्यांचा गोल. आमच्या एका मुलाने कोपऱ्यातून चकती मारली ती थेट आत. मी दिवा लावला. तर रेफरी हाशहुश करत आला आणि त्याने दोन्ही हात आडवे केले, गोल नाही. का? म्हणे आमचा खेळाडू गोलकीपरच्या जागेत घुसला होता. त्या मुलाचा पाय गोलपुढे रंगवलेल्या निळ्या अर्धगोलाच्या वीतभर बाहेर होता. मी चार हातांवरून बघत होते आणि हा गृहस्थ अर्ध्या मैदानावरून निकाल देत होता. मी काचेवर थापा मारल्या. त्याने मला हाताने बसा म्हणून खुणावलं. माझा दिवा वर लागलेलाच होता आणि त्याची किंमत शून्य. माझं डोकं असं फिरलं की थंडी वाजायची थांबली.

हे सबब म्हणून सांगत नाही. झालं ते असं झालं.

शेवटचा भाग. मुलगी परत माझ्या पुढ्यात. पलीकडच्या टोकाला आमचा तिसरा गोल झाला आणि तो रेफरीलाही नाकारता आला नाही. तीन-दोन. घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. आमची पोरं बाकावर उभी राहून ओरडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मी पुसलं, कारण मला नीट दिसायला हवं होतं.

मग त्यांचे चार-पाच जण एकदम गोलवर आले. काठ्यांची नुसती झुंबड. मुलगी आडवी पडली. तिच्या पायाच्या गादीखालून चकती हळूहळू घरंगळत आली. इतकी हळू की मला तिची कड दिसत होती. ती लाल रेघेवर आली. रेघ ओलांडली. मध्ये पांढरा बर्फ दिसला. केसाएवढा नाही, चांगला बोटभर. मग मुलीने पाय पुढे ओढून घेतला तशी चकती त्याच्याबरोबर परत बाहेर आली आणि तिने तिच्यावर हातमोजा ठेवला.

माझा अंगठा बटणावर होता. तो हलला नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. मी हलवला नाही.

समोरचे सगळे काठ्या वर करून गोल, गोल ओरडत होते. मुलगी गुडघ्यांवर उठली. तिने रेफरीकडे पाहिलं नाही. आधी वर दिव्याकडे पाहिलं. मग वळून काचेतून माझ्याकडे. मुखवट्याच्या जाळीतून तिचे डोळे मला स्वच्छ दिसत होते. ती वाट बघत होती. रेफरी काचेपाशी आला आणि त्याने हाताने विचारलं, आत होती? मी मान हलवली. नाही.

त्यांची पोरं चिडली. एकाने तर काठी आपटली. तेव्हा तो लडाखी कोच बाकावरून उठून उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "आंटी ने बोला नहीं, तो नहीं. खलास. यल्ला, खेलो." आणि त्याच्या पोरांनी काठ्या खाली घेतल्या.

आम्ही जिंकलो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. आमच्या कोचने मला घसरत घसरत बर्फावर ओढून नेलं, फोटोत मधोमध उभं केलं. त्या फोटोत सगळे दात काढून हसताहेत. मुलगी कडेला उभी आहे, एकटी तीच मुखवटा न काढता. फोटोनंतर ती गायब झाली. कपडे बदलत असेल असं समजून मी बाकावर बसून राहिले. सगळे निघून गेले, बर्फ घासायचं यंत्र फिरायला लागलं, तेव्हा ती आली.

गाडीत मीच बोलले. म्हटलं, जिंकलात की एकदाचे. ती खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "आय वॉज वेटिंग, आई."

मी गाडी चालवत राहिले. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "हाउ मच व्हाइट?"

अजूनही वेळ होती. दोन शब्द बोलायचे होते, बोटभर होतं, बस. ती रडली असती, भांडली असती, त्यांच्या कॉलेजला जाऊन निकाल फिरवून आली असती, आणि पुढच्या शनिवारी माझ्या समोर गोलात उभी राहिली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "नाही दिसलं मला."

"ओके," ती म्हणाली.

उरलेले दोन सामने ती खेळली नाही. गुडघा दुखतो असं तिने कोचला कळवलं. गाद्यांची भलीमोठी पिशवी बाल्कनीत पडून राहिली, उन्हाने तिचा रंग गेला. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. गोड बोलायची, चहा करून द्यायची. फक्त नवा ड्रेस घालून माझ्यासमोर उभं राहणं बंद झालं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाली तेव्हा मी आपणहून म्हटलं, छान दिसतेस. खरंच छान दिसत होती. ती थँक्यू म्हणाली, आणि जाताना दारातल्या आरशात पुन्हा एकदा स्वतःला बघून घेतलं. माझ्या शब्दावर आता तिचा भरवसा नाही, हे मला त्या आरशाने सांगितलं. आता ती अबू धाबीत असते. दर रविवारी न चुकता फोन करते, आणि दर रविवारी फोन ठेवल्यावर मला वाटतं, आपण पोर घालवून बसलो.

मागच्या उन्हाळ्यात अल बर्शातल्या एका सुपरमार्केटमध्ये तो लडाखी कोच भेटला. ट्रॉली ढकलत होता. त्यानेच मला ओळखलं, हात जोडले. मला ते हात बघवेनात. भाजीच्या रॅकपाशी उभ्याउभ्याच मी सांगून टाकलं, सर, उस दिन गोल था. मैंने देखा था.

तो हातातल्या भोपळी मिरच्या निवडत राहिला. म्हणाला, "मालूम है. बच्ची उसी दिन आई थी हमारे रूम में, पैड भी नहीं उतारे थे. सबके सामने बोली, गोल था, सॉरी सर. मैंने बोला, रहने दे बेटा, रिज़ल्ट लिख दिया."

म्हणजे मी बाकावर बसून होते तेव्हा ती तिकडे होती. मी एवढंच विचारलं, की माझ्याबद्दल ती काय म्हणाली.

"बोली, मम्मी का कोई कसूर नहीं. उनकी ऐनक पे भाप जम गई थी, उनको दिखा नहीं."

गुडघ्याची सोडली तर मुलीची मला माहीत असलेली ही एकच थाप. ती माझ्यासाठी मारलेली, आणि तीही गाडीत मला विचारण्याआधी. सिग्नलला ती मला शेवटची संधी देत होती. आणि मारली कुणापुढे, तर सगळा जन्म बर्फावर काढलेल्या माणसापुढे. चष्म्यावर वाफ कुठे धरते आणि कुठे नाही, हे त्याला कुणी सांगायला नको.

आम्ही दोघं पैसे देऊन बरोबरच बाहेर आलो. दार उघडलं, गरम हवा अंगावर आली आणि माझ्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झाल्या. मला दिसायला लागेपर्यंत तो माझी ट्रॉली धरून उभा राहिला.