समईजवळची बाटली

शांतलिंग आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे परिचर. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक परीक्षानळीही फुटलेली नाही, आणि ही माहिती ते नव्या प्राध्यापकाला पहिल्याच दिवशी देतात.

खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर आणि तराजू पुजतात, तशी आमच्याकडं प्रयोगशाळेतली यंत्रं. यंदा शांतलिंगांनी संघप्रियाची बाटलीही पूजेत मांडली. ही संशोधक मुलगी बेंबळीला घरी गेली होती, त्यामुळं तिला विचारायचं राहिलं.

बाटलीत कुंकवाच्या रंगाची जेली होती. चपट्या कड्यांचे दोन जातींचे रेणू पाण्यात एकाआड एक बसतात, भाकरीच्या चवडीसारखे. पक्का बंध कुठंच नाही. नुसत्या शेजाराच्या ओढीनं लांब साखळ्या होतात आणि पाणी धरून ठेवतात. रंगही त्या शेजाराचाच. बाटली अठरा दिवस उलटी टांगलेली, तरी जेली जागची हलली नव्हती. तीस दिवस टिकली तर संघप्रियाचा शोधनिबंध पूर्ण होणार होता.

शांतलिंगांनी, तिचं भलं व्हावं म्हणून, ती अगदी समईला खेटून ठेवली. आरती संपली तेव्हा आत फिकट पाणी होतं. त्यांनी ते मोरीत ओतलं, बाटली धुतली आणि सुट्टीनंतर सांगितलं की, आपोआपच पाणी झालं होतं. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची विभागाला सवयच नव्हती. मार्गदर्शकांनी संघप्रियाला रेणूंची ती जोडी सोडून दुसरे रेणू घ्यायला लावले.

त्यानंतर शांतलिंग तिचं टेबल दिवसातून दोनदा पुसू लागले. त्यांचा जेवणाचा डबा निम्मा घरी परत जाऊ लागला.

पंधरवड्यानं संघप्रियानं उरलेल्या रेणूंची ताजी जेली करून बीएस्सीच्या मुलांना दाखवली. गरम पाण्यात धरताच रंग उडाला, जेलीचं पाणी झालं. तशीच बाजूला ठेवली, तर तास संपायच्या आत पुन्हा लाल, पुन्हा घट्ट. शांतलिंग दारात ट्रे घेऊन बघत होते. पूजेच्या दिवशी त्यांनी काहीच न करता ते पाणी तसंच गार होऊ दिलं असतं, तरी भागलं असतं.

मुलं गेल्यावर ते म्हणाले, "ताई, ती आपोआप न्हाय मोडली. म्या समईजवळ ठिवली व्हती."

"ओतली तेव्हा गार झाली होती का, मामा?"

"न्हाय. कोमट व्हती."

"आणि पंधरा दिवस मला दुसरीकडं राबताना बघत राहिलात."

तिनं आवाज चढवला नाही, हे त्यांना जास्त लागलं. तिनं वहीतली 'अठराव्या दिवशी मोडली' ही ओळ खोडली आणि पेन त्यांच्यापुढं केलं. जेली मोडण्याचं कारण तिला त्यांच्या अक्षरात हवं होतं, नावासकट. त्यांनी सावकाश लिहिलं.

मग दोघं मार्गदर्शकांच्या खोलीकडं निघाले. वही तिनं मागितली नाही. त्यांच्याच हातात राहू दिली.