दोन रिंगा

ताई दोन्ही तळहात उताणे करून समोर धरायच्या. आधी डावा जरा उचलायच्या, "हे बी खरं." मग उजवा, "आन हे बी खरं." मग यातलं कुठलं, ते सांगायच्या नाहीत. समोरचा वैतागायचा. माणसाला एकच काहीतरी खरं हवं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

केजकडच्या एका लहान खासगी दवाखान्यात मी केसपेपर काढतो. माझ्या खिडकीला लागून ताईंची खोली होती. दोन वर्षांच्या कुठल्याशा प्रकल्पातून त्या समुपदेशक म्हणून आल्या होत्या. माहेर घाटनांदूरचं, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लागली, 'डीबीटी', आणि खाली बारीक अक्षरांत 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी'. आमच्याकडे डीबीटी म्हणजे खात्यात थेट येणारं अनुदान. पहिल्या आठवड्यात निम्मी माणसं आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आली. मी एकेकाला हाकलत होतो. ताई त्यांना बसवून पाणी देत होत्या.

त्यातच एक मेंढ्या राखणारे आबा होते. अनुदान मिळत नाही हे कळल्यावर उठायचं सोडून ते विचारत बसले, "मग हिथं काय मिळतं?"

"काही माणसांचं मन लई हळवं असतंय, आबा," ताई म्हणाल्या. "जो शब्द दुसऱ्याला नुसता लागतो, त्यानं त्यांना चटका बसतो. राग, दुःख एकदम चढतं आन लवकर उतरत न्हाई. मग ते सोतालाच इजा करून घेत्यात, जगूच नये म्हणत्यात. घरचे म्हणत्यात, नाटकं करतंय. ती लाट कशी सोसायची, ते मी शिकवते. समद्यांसाठी न्हाई हे. पर अशांना लई कामी येतं."

आबांनी पागोट्याचं टोक चाळवलं. मग म्हणाले, "आमची नात अशीच हाय."

पुढच्या आठवड्यात ते नातीला घेऊन आले. एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ पोरगी. उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या. नाव विचारलं तर माझ्याकडे न बघता आबांकडे बघितलं. आईबाप ऊसतोडीला, ती आबांजवळ.

ताईंची शिकवण म्हणजे मला आधी पोरखेळच वाटे. कोपऱ्यात स्टीलचं घमेलं, त्यात माठातलं थंड पाणी. लाट चढली की श्वास रोखून त्यात तोंड बुडवायचं. रोज एका कार्डावर लिहायचं, आज लाट केवढी होती, शून्य ते पाच. मी म्हणायचो, "ताई, तोंड धुवायला शिकवायची फी किती?" त्या हसायच्या. "भाऊ, तुमाला बी लागंल एक दिवस."

एक नियम मात्र कडक होता. फोन करायचा तो स्वतःवर हात चालायच्या आधी, नंतर नाही. पण पोरीचं घर एका खोलीचं, बोललेलं सगळ्यांना ऐकू जाणार. म्हणून ताईंनी मिस कॉलची खूण ठरवली. एक रिंग म्हणजे लाट आलीये, पण शिकलेलं करतेय. दोन रिंगा म्हणजे मला जमेना, तुम्ही फोन करा. गुरुवारी दुपारी ताई पाच-सहा जणांना एकत्र बसवून शिकवायच्या, तेव्हा त्यांचा फोन माझ्या टेबलावर असायचा. "दोन रिंगा आल्या तर मला उठवायचं, भाऊ. काई बी चालू असू दे."

मी हो म्हणालो होतो.

त्या गुरुवारी खिडकीशी तापाच्या पेशंटांची झुंबड होती. टेबलावरचा ताईंचा फोन वाजला, दोनदा, आणि बंद झाला. आता आमच्याकडची रीत तुम्ही जाणता. जीपमधून उतरलं की घरी मिस कॉल द्यायचा, 'पोचलो'. माझी बायको माहेरी गेली की तसंच करते. माझ्या डोक्यात तेच आलं, कुणीतरी पोचलं. मी पुढचं नाव लिहिलं.

अर्ध्या तासाने ताई बाहेर आल्या. फोन बघितला आणि तोंडचं पाणीच पळालं. त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या, कुणी उचलेना. शेवटी आबांचा फोन लागला. पोरीने स्वतःला इजा करून घेतली होती. शेजारच्यांनी तिला जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

ती वाचली. आधीच सांगतो, कारण मला ते कळायला संध्याकाळ झाली होती आणि तो वेळ मी कुणाच्याच वाट्याला येऊ देणार नाही.

ताई ओरडतील असं वाटलं होतं. त्या खोलीत गेल्या, घमेल्यात तोंड बुडवलं आणि पदराने पुसत बाहेर आल्या. मग दोन्ही हात पुढे धरले. "तुमाला सांगितलं हुतं आन तुमी उठवलं न्हाई. हे खरं. तुमी तिचं वाईट चितलं न्हाई. हे बी खरं." मला त्यातलं एकच हवं होतं. शिवी घातली असती तरी चाललं असतं, माफी दिली असती तरी. दोन्ही एकदम पेलवेना.

तीन आठवड्यांनी पोरगी आली. ताईंनी कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर त्या गुरुवारची साखळी काढली, एका कडीत एक गोष्ट. बघायला आलेल्या पाहुण्यांनी रंगावरून नावं ठेवली. आत्या घालूनपाडून बोलली. लाट चढली. पाण्यात तोंड बुडवलं, भागलं नाही. दोन रिंगा दिल्या. पुढच्या कडीपाशी त्यांनी मला आत बोलावलं आणि तिला विचारलं, भाऊ बसले तर चालंल का? तिने मान डोलावली. मी खाली बघत सांगितलं, "मला वाटलं, कुणीतरी पोचलं."

"फुडल्या येळी या कडीच्या जागी काय ठिवायचं?" ताईंनी दोघांनाही विचारलं.

"परत रिंग देईन. आबाजवळ जाऊन बसंन," पोरगी म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून तिने विचारलं, "काका, तवा लई गर्दी हुती का तुमच्याकडं?"

त्या प्रश्नाने मी पुरता मोडलो. रडलो, लाज न बाळगता.

प्रकल्पाची दोन वर्षं सरली आणि ताई गेल्या. फोन प्रकल्पाचा होता, तो नंबरही बंद झाला. जायच्या आधी त्यांनी पोरीला बीडच्या एका समुपदेशक मॅडमशी जोडून दिलं. पण त्या महिन्यातून एकदा भेटतात, मधल्या दिवसांचं काय? पोरीने आपणहून माझा नंबर मागून घेतला. ताई मला बजावून गेल्या, "तुमी डाक्टर न्हाई. दोन रिंगा आल्या तर फोन लावायचा, आबा जवळ येईस्तोवर बोलत ऱ्हायचं. बास." बहुतेक दिवशी एकच रिंग येते. मी फोन शर्टाच्या खिशात ठेवतो आणि दुसऱ्या रिंगेची वाट बघत श्वास रोखतो. ही भीती जाईल असं वाटत नाही.

गेल्या महिन्यात भर गर्दीत दोन रिंगा आल्या. खिडकीतला माणूस बोलता बोलता तसाच राहिला, मी उठून बाहेर पळालो. तिचा नंबर लावला.

"काय झालं गं?"

पलीकडे एसटीची घरघर. "काई न्हाई काका. बीडला पोचले. एकटीच आलते आज."

माझं डोकंच फिरलं. "अगं, मग एकच द्यायची ना! जीव गेला असता माझा!"

"एक दिली असती तर तुमी फोन केला असता का?"

राग आला होता आणि पोरगी एकटी बीडला पोचली याने ऊर भरून आला होता. समोर ताईंच्या खोलीचं दार होतं, सलाईनच्या खोक्यांनी अर्धं अडलेलं. मी फोन खिशात ठेवला आणि नकळत दोन्ही हात उताणे करून तिथेच उभा राहिलो.

"साहेब, आमचं नाव लिवता का?" खिडकीतला माणूस म्हणाला.