शरणपूर ते त्र्यंबक नाका, पायी

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाबद्दल घरात कुणालाच तक्रार नव्हती. शांत स्वभावाचा मुलगा, अंबडला एका कारखान्यात इंजिनियर, आणि मराठी ख्रिस्तीच. फक्त तो कॅथलिक होता आणि आम्ही प्रोटेस्टंट. शेजारच्या काकूंना यात अडचण काय तेच कळेना. "दोन्हीकडे येशूच ना गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग हेच जरा आमच्या बाबांना येऊन सांगता का?" असंही म्हटलं. त्या हसल्या आणि चहा प्यायला लागल्या.

बाबा, म्हणजे माझे वडील, इगतपुरीला रेल्वेत होते. आई गेल्यावर ते नाशिकला आमच्याकडे राहायला आले. त्यांचा बाप्तिस्मा शरणपूरच्या जुन्या दगडी चर्चमधला, त्यामुळे परत आल्यावर ते तिथे घरच्यासारखे वावरायला लागले. रविवारी उपासनेच्या कितीतरी आधी जायचे, खिडक्या उघडायचे, बाकांवर फडकं मारायचे. गायनमंडळात ते खालच्या पट्टीत गात. आवाज अजूनही भक्कम होता. त्यांच्या बाजूला माझी मुलगी उभी राहायची. ती शाळेत होती तेव्हा तिच्यासोबत पुष्कळ पोरं गायची. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी मुंबईला, कुणी परदेशात. गायनमंडळात पांढरे केस वाढले आणि त्यांच्या मधोमध माझी मुलगी तेवढी राहिली.

शेवटी तडजोड अशी ठरली की लग्नाच्या सकाळी आमच्या चर्चमध्ये छोटी प्रार्थना होईल, आणि मग सगळ्यांनी त्र्यंबक नाक्याजवळच्या त्यांच्या चर्चमध्ये लग्नाला जायचं. आमच्या पाळकसाहेबांनी मान्य केलं, त्यांच्या फादरनीही आनंदाने मान्य केलं.

बाबा म्हणाले, "मी इथल्या प्रार्थनेला येईन. पुढे येणार नाही."

"का पण बाबा?"

"तिकडे उभं कधी राहायचं आणि गुडघे कधी टेकायचे, ते मला समजत नाही."

हे खरं कारण नव्हतं हे मला कळत होतं. पण बाबांना दोनदा विचारायची सोय नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, तू त्यांच्या मागे लागू नकोस. प्रार्थनेला येतायत ना, बास." असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मुलाच्या आईला मी फोनवर सगळं सांगितलं. त्या मूळच्या वसईच्या, बोलायला मोकळ्या. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्यांची जागा पुढे धरून ठेवते. नाही आले तर नाही आले."

लग्न जानेवारीत होतं. सकाळी चांगलीच थंडी होती. सिंहस्थाच्या तयारीमुळे शहरभर रस्ते खोदलेले होते, पण आदल्या दिवशीपर्यंत शरणपूर रोड ठीक होता. माझा नवरा पाहुण्यांना घेऊन परस्पर त्र्यंबक नाक्याला गेला. चर्चमध्ये आम्ही मोजकीच माणसं होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, गायनमंडळाने एक गीत म्हटलं. मुलगी पांढऱ्या साडीत वेदीपाशी गुडघे टेकून बसली होती. बाबा गाताना मध्येच थांबले. मी वळून पाहिलं तर ते खिडकीकडे बघत होते.

प्रार्थना संपवून बाहेर येतो तो फाटकासमोर जेसीबी उभा आणि रस्त्यात आडवा चर. कुठली तरी पाण्याची लाईन फुटली होती आणि तासाभरात सगळं उकरून ठेवलं होतं. फुलांनी सजवलेली आमची गाडी आत आवारात अडकली. मी तिथल्या मुकादमाला विचारलं, "किती वेळ लागेल?" त्याने मुलीच्या साडीकडे पाहिलं, चराकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, खोटं कशाला बोलू, दुपार होईल." चराच्या पलीकडे वाहनांची अशी कोंडी झाली होती की रिक्षा मिळाली असती तरी हलली नसती.

मी नवऱ्याला फोन लावत होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, चालत जाऊ या. किती लांब आहे?"

लांब नव्हतंच. शरणपूर रोडने सीबीएस बसस्थानकाकडे जायचं आणि तिथून त्र्यंबक नाक्याला वळायचं. रोज लोक भाजी घेऊन तेवढं चालतात. पण नवरीने चालायचं म्हणजे कसं, ते मला सुचेना. मुलीने तोवर उंच टाचांच्या चपला काढून गाडीतल्या साध्या चपला घातल्या होत्या.

मुकादमाने चरावर फळी टाकून दिली. फळी ओली होती. मुलीने एका हातात निऱ्या धरल्या आणि दुसरा हात पुढे केला. बाबा सगळ्यात जवळ होते. त्यांनी तिचा हात धरला आणि आधी स्वतः फळीवर पाय ठेवला. पलीकडे गेल्यावर मला वाटलं ते आता हात सोडतील. ते म्हणाले, "पुढे चिखल आहे. त्या कोपऱ्यापर्यंत येतो."

कोपरा आला. तिथे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. बाबा तिला त्यांच्यामधून घेऊन पुढे निघाले. मी तिच्या डोक्यावरून मागे सोडलेल्या जाळीच्या व्हेलचं टोक सांभाळत मागून चालत होते, आणि माझ्यामागे गायनमंडळातले दोघे-तिघे.

मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्यांच्याकडे रविवारची उपासना, मिस्सा, शनिवारी संध्याकाळीही असते."

"बरं मग?"

"मग रविवारी सकाळी मी मोकळी असेन. मी गायला येणार आहे. त्यालाही माहीत आहे."

बाबांनी तिला एका स्कूटरला वळसा घालून पुढे नेलं. "लग्नाआधी सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. "मी कुणाला दोष देत नाही. नोकऱ्या असतात, संसार असतात. पण मग एक दिवस बाजूला बघावं तर कुणीच नसतं."

म्हणजे हे होतं तर. अडचण तिकडच्या मूर्तींची नव्हती, मेणबत्त्यांची नव्हती, गुडघे टेकण्याचीही नव्हती. व्हेल हातातून सुटून जमिनीला लागला तेही मला कळलं नाही.

"मी जाऊन जाऊन कुठे जातेय?" मुलगी म्हणाली. "हे एवढंच तर अंतर आहे. तुम्ही आत्ता चालताय ना माझ्याबरोबर?"

थोडं पुढे गेल्यावर बाबा तिला शरणपूरची गोष्ट सांगायला लागले. ही गोष्ट तिने लहानपणापासून अनेकदा ऐकली होती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं इथे आणून ठेवली होती, ती इथेच शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, मराठी बोलायला लागली. "कुठून कुठे आलेली पोरं," बाबा म्हणाले, "पण इथे त्यांना कुणी परकं म्हटलं नाही, असं माझे आजोबा सांगायचे." बोलताना त्यांची चाल हलकी झाली होती.

सीबीएसजवळ वाहतूक पोलीस असलेल्या एका तरुण मुलीने आम्हाला पाहिलं आणि हात आडवा करून सगळी वाहनं थांबवली. वणीला निघालेली एक एसटी ब्रेक दाबून उभी राहिली. खिडकीतून नऊवारी नेसलेल्या एका बाईने डोकं बाहेर काढलं.

"बाबा, नवरी पायी का चालली? गाडी नाय का?"

"गाडी अडकली," बाबा म्हणाले.

"कुठं जायाचं मग?"

"आमच्या चर्चमधून निघालो, तिकडच्या चर्चमध्ये चाललोय. लग्न आहे नातीचं."

"नवरी लय भारी दिसती," बाई म्हणाली, आणि शेजारणीलाही बघायला लावलं.

मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. चाललोय, असं ते म्हणाले होते. आम्ही दोघींनीही ते ऐकलं.

चर्चच्या फाटकाशी सगळे वाट पाहत उभे होते. मुलाच्या आई पुढे आल्या. त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "दमला असाल. आधी पाणी घ्या, लग्न काही पळून जात नाही." बाबा फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि दोन ग्लास पाणी प्याले. मग उठून त्यांनी कोटाची बटणं लावली. माझा नवरा मुलीला आत न्यायला आला. तिचा एक हात त्याने धरला. दुसरा बाबांच्या हातात होताच, तो तिने सोडवून घेतला नाही. तिघे मिळून आत गेले.

बाबा पहिल्या रांगेत बसले. कधी उभं राहायचं ते मुलाच्या आई त्यांना डोळ्यांनी खुणावत होत्या. गुडघे टेकायच्या वेळी ते नुसते डोकं खाली घालून बसले आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. मध्ये एक गीत सुरू झालं. ते आमच्याकडेही म्हणतात, चालीत थोडा फरक. पहिलं कडवं बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या कडव्याला त्यांनी खालचा सूर धरला आणि मागच्या दोन रांगांमधली माणसं माना उंचावून बघायला लागली.

लग्नानंतर जेवताना त्यांच्या गायनवृंदातला पेटी वाजवणारा माणूस बाबांच्या शेजारी ताट घेऊन येऊन बसला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला त्या दिवशी कळलं नाही. आता कळलंय, कारण दर बुधवारी संध्याकाळी बाबा त्र्यंबक नाक्याच्या त्या गायनवृंदाच्या सरावाला जातात. एकटे जातात, चालत. मुलगी शब्द दिल्याप्रमाणे रविवारी शरणपूरला येते, बहुतेक वेळा तिचा नवराही येतो. तो बेसूर गातो. बाबांनी त्याला एकदा चर्चबाहेर बाजूला घेतलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता हे त्याला बोलणार. पण ते त्याला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवत होते.