कोपरच्या बांधावरचा माणूस

कोलशेतच्या धक्क्यावरून रेतीचा रिकामा पडाव भरतीवर सुटला, तेव्हा माझ्या मांडीवर मेणकापडात गुंडाळलेलं एक छायाचित्र होतं. आगगाडीनं डोंबिवलीला उतरून कोपरला चालत जाता आलं असतं. पण पाण्यानं वेळ जास्त लागतो, म्हणून मी पाण्यानं निघालो.

पडावाचा तांडेल (मुख्य नावाडी) हिराजी कोपरचाच. त्यानंच मला निरोप आणला होता.

"मास्तर, झारांचा फोटो कारता (काढता), पान्याचा कारता. आमचा कला (का) नाय? आमी काय चिखलाशी (चिखलाहून) वाईट दिसताव?"

त्याचा सोबती शीड ओढता ओढता हसला. मीही हसलो.

कल्याणकडून येणारी उल्हास नदी इथं खाडी होते. काठाला खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती दलदल), मागं मिठागरं, उजव्या हाताला मुंब्र्याचा काळा डोंगर. हे सगळं हिवाळ्यातल्या धुक्यात टिपणं हाच माझा छंद. शहाडचा पूल, ठाण्याचे ओले रस्ते, ओहोटीतला चिखल. पाहणारे म्हणत, "फार उदास काढता हो तुम्ही." मला ते बरं वाटे. चौकटीत माणूस मात्र मला खपत नसे.

आदल्या हिवाळ्यात कोपरच्या मिठागरावर गोमा भेटला. पंचविशीचा असेल. माझ्या कॅमेऱ्याची तिकाटणी चिखलात रुतू लागली, तेव्हा त्यानं तिच्या पायांखाली फळी सरकवली आणि आपण होऊन समोरच्या बांधावर जाऊन उभा राहिला.

"मी येतो का त्यान (त्यात)?"

"येतोस. हलू नकोस."

"आयला दाखवीन हा मी!"

"एक प्रत देईन तुला," मी म्हणालो.

घरी फोटोची काच (निगेटिव्ह) धुतल्यावर वाटलं, हा नसता तर चित्र उत्तम होतं. मी तो चाकूनं तासला आणि त्या जागी तांबडा रंग भरला. अशा रंगामुळं छपाईत तिथं कोरं पांढरं उतरतं, धुक्यात सहज मिसळतं. पाण्यात त्याचं हलतं प्रतिबिंब पडलं होतं, एक काळसर पट्टा. तो चौकटीला खालून वजन देत होता, म्हणून राहू दिला. मुंबईच्या प्रदर्शनात चित्र लागलं. त्यातल्या एकांताची तारीफ झाली.

गोमा पावसाळ्यात तापानं गेला. त्याचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. "त्याची आय तुमचे वाटेकडं बघते," एवढंच हिराजी म्हणाला होता.

कोपरला उतरताना पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला आणि डावी चप्पल तिथंच राहिली. चित्र मी डोक्यावर धरलं होतं. ते भिजलं असतं तर सुटलो असतो, असंही मनात येऊन गेलं. तसाच एका चपलेनं गोमाच्या आईच्या, भागीबायच्या दारात पोचलो.

"आदी जेव," ती म्हणाली. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचं) झणझणीत कालवण. दुसऱ्याच घासाला मी पाण्याचा तांब्या उचलला.

"तिखट झाला? गोम्या तर वर मिरची चावाचा."

मग तिनं लुगड्याला हात पुसले आणि चित्र घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"यान माजा गोमा कुठं हाय?"

धुकं दाट होतं, एवढं म्हटलं की भागलं असतं. वाक्य तयारही होतं. तेवढ्यात तिनं चित्र उलटं फिरवलं. बोट त्या काळसर पट्ट्यावर टेकलं.

"यो बघ. यो त्याचा खांदा. मिठाच्या पाट्या वाहून एक बाजू खाली गेलती." पाण्यातला गोमा तिच्या हातात सरळ उभा होता. तोंडाच्या जागी नुसती लाट. "मंग वरचा कुठं गेला?"

"मी पुसला, भागीबाय. चित्र चांगलं दिसावं म्हणून."

"परत नाय येनार?"

"नाही. काचच तासलीय."

भिंतीवरच्या खिळ्याला तिनं चित्र लावलं, उलटंच. धुकं खाली, पाणी वर.

"मला दाखवाचा म्हनून उबा रायला असंल ना तिथं, फोटो कारताना? हलू नको म्हनलास तर हलला नसंल."

"नाही हलला," मी म्हणालो.

ओहोटीला रेतीनं भरलेला पडाव परत निघाला. हिराजीला कुणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण पडावात चढताना त्यानं मला हात दिला नाही. मुंब्र्याचा डोंगर मागं पडताना मीच कॅमेरा काढला.

"हिराजी, बस असा. तुझा काढतो."

त्यानं तोंड फिरवलं. "नको मास्तर. माजी आय जिती हाय अजून."

मी कॅमेरा मिटला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. तशातही सुकाणूजवळ पाठ करून बसलेल्या हिराजीपलीकडं, रिकाम्या पाण्यावर, ऊन फार सुंदर पडलं होतं आणि मला ते दिसलं होतं.